प्रमाण : एकास पस्तीस

मराठीत ‘प्रमाण’ हा एकच शब्द दोन निराळ्या कामांना जुंपलेला आहे. नकाशाच्या कोपऱ्यात तो मापांचे गुणोत्तर सांगतो, आणि न्यायशास्त्रात तो यथार्थ ज्ञानाच्या साधनाचे नाव होतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे त्या अर्थाने नैयायिकांनी मानली. व्यवहारात हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून लष्करी रणगाड्याची लहान प्रतिकृती जोडायची आणि मग तिच्यावर गंज, चिखल, धूळ, तेलाचे ओघळ, खरचटलेला रंग हे सारे कुंचल्याने चितारायचे, या वरवर पोरकट वाटणाऱ्या छंदात मात्र ते समोरासमोर उभे ठाकतात. कारण जी वस्तू एकास पस्तीस प्रमाणात केलेली आहे, जिच्यावरचा गंज हा गंज नाही आणि जिने एकही पावसाळा पाहिलेला नाही, ती जाणकाराला ‘खरी’ किंवा ‘खोटी’ वाटते ती कोणत्या प्रमाणाच्या आधारे, हा प्रश्न तेथे पहिल्याच दिवशी पुढ्यात येतो.

एकास पस्तीस हे माप कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही कंपनी मुळात लाकडाच्या व्यवसायातली. तिने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे किट बाजारात आणले, आणि ते विजेच्या मोटरवर चालावे अशी योजना असल्याने त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला. मागाहून मोजता तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला. आज चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींचे जगभर रूढ झालेले माप असे बॅटऱ्यांच्या लांबीरुंदीतून आले आहे; रूढीला शास्त्राचे वजन कसे चढते याचे इतके स्वच्छ उदाहरण धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही सहज सापडणार नाही.

पण माप एकदा ठरले की त्याचे गणित कोणाचीच गय करीत नाही. लांबी ३५ पटींनी कमी झाली की पृष्ठफळ १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी कमी होते, त्यामुळे सुमारे ५० टन वजनाचा सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा त्याच पोलादात या मापाने घडवला तरी तो सव्वा किलोच्या आतच भरेल. रंगाचा दशांश मिलिमीटर जाडीचा थर प्रतिकृतीवर बसला, तर मूळ रणगाड्याच्या हिशेबाने तो साडेतीन मिलिमीटरांचा लेप होतो. प्रतिकृती डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरांवर धरणारा माणूस खऱ्या रणगाड्यापासून साडेदहा मीटरांवर उभा असतो, आणि तेवढ्या अंतरावरून ओरखडा ओरखडा म्हणून दिसत नाही, रंगाच्या छटेतला किंचित फरक म्हणून दिसतो. तात्पर्य, पोलाद लहान करता येते, गंज लहान करता येत नाही. गंजाचा खरा कण या मापात दगडाएवढा दिसतो. म्हणून आकाराच्या बाबतीत जो छंद नक्कल करतो, त्याला काळाच्या बाबतीत नक्कल करण्याची सोयच उरत नाही, तेथे त्याला खुणांची भाषा वापरावी लागते.

या कामाला छंदातले लोक ‘वेदरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ऊनपावसाचे काम म्हणता येईल. त्याची साधने साधी आहेत. पातळ केलेला गडद रंग खाचांत आणि रिव्हेटांच्या मुळाशी सोडून तो केशाकर्षणाने आपोआप पसरू देणे याला ‘वॉश’ म्हणतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासणे याला ‘ड्राय ब्रशिंग’. रंगाचे पोपडे गेल्याचा भास निर्माण करणे हे ‘चिपिंग’. आणि मातीसारखी वस्त्रगाळ रंगपूड सांध्यांत बसवणे हे ‘पिगमेंट’चे काम. वॉश आणि ड्राय ब्रशिंगची जोडी १९७० आणि १९८०च्या दशकांत लोकप्रिय करण्यात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिन्डन यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे स्पॅनिश कारागिरांनी ऑइल पेंट व रंगपुडी यांचा इतका विस्तार केला की जोडणीला जितके दिवस लागतात त्याहून अधिक दिवस तयार वस्तू ‘जुनी’ करण्यात जाऊ लागले. नवे तयार करून मग ते चार पावसाळे पाहिल्यासारखे करायचे, या खटाटोपाला जपानी ‘वाबी-साबी’चे नाव देण्याची टूम अधूनमधून निघते, ती चुकीची आहे, कारण त्या दृष्टीला प्रिय असलेले जुनेपण वापरातून आपसूक आलेले असते आणि येथील जुनेपण एका रविवारी दुपारी लावलेले असते.

वैशेषिक दर्शनात काळ हे एक द्रव्य मानले आहे, पण ते इंद्रियांना दिसत नाही. आधी-नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर असे जे प्रत्यय येतात त्यांवरून त्याचे अनुमान करावे लागते, आणि या प्रत्ययांना काळाची ‘लिंगे’ म्हटले आहे. लिंग म्हणजे ज्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान होते ती खूण. डोंगरावरचा धूर हे अग्नीचे लिंग, हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. या अर्थाने गंज हे लोखंडावरून गेलेल्या काळाचे लिंग आहे, सायलेन्सरवरचा काजळीचा पट्टा हे चाललेल्या इंजिनाचे, आणि चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कड्यांवर जमिनीशी घासून आलेली चकाकी हे नुकत्याच झालेल्या प्रवासाचे. वेदरिंग करणारा माणूस अग्नीवाचून धूर काढतो. लिंग तो बनवतो. ज्याचे ते लिंग आहे ते त्या प्लॅस्टिकमध्ये कधीच नव्हते. नैयायिकाच्या दृष्टीने हा सरळसरळ हेत्वाभासाचा, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या खऱ्या हेतूसारख्या दिसणाऱ्या खोट्या हेतूचा, कारखाना आहे.

मौज अशी की या कारखान्यात चांगले काम आणि वाईट काम यांतील भेद करण्यासाठी हेत्वाभासांचीच यादी उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हेत्वाभासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील ‘विरुद्ध’ म्हणजे जो हेतू सिद्ध करायच्या गोष्टीच्या नेमका उलट पक्ष सिद्ध करतो. एम ११३ या अमेरिकी सैन्यवाहक चिलखती गाडीचे धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे, आणि तरीही तिच्या अनेक प्रतिकृतींवर धडाच्या कडांशी तांबूस-तपकिरी गंजाचे ठिपके प्रेमाने रंगवलेले आढळतात. गंज हा लोखंडाचा धर्म. ॲल्युमिनियमवरचा रंग उडाला तर खाली फिकट करडा धातू दिसतो, तो तांबडा होत नाही. असा ठिपका कितीही सुबक असला तरी ‘ही गाडी एम ११३ नव्हे’ एवढेच तो सिद्ध करतो. ‘बाधित’ म्हणजे ज्याचा निष्कर्ष दुसऱ्या बळकट प्रमाणाने आधीच खोडलेला असतो असा हेतू. १९४२ साली स्तालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात तयार झालेले टी-३४ रणगाडे कारखान्याच्या दारातून थेट लढाईत जात होते. त्यांपैकी एकावर दहा वर्षे परसात पडून राहिल्यासारखा गंज चढवणे इतिहासानेच बाधित केलेले आहे. त्या रणगाड्यांना गंजण्याइतके आयुष्यच मिळत नव्हते, आणि ही गोष्ट जाणणारा कारागीर जेव्हा आपल्या टी-३४वर गंज टाळून केवळ धूळ, काजळी आणि ताजे ओरखडे ठेवतो, तेव्हा त्या संयमातून जे कळते ते गंजाच्या दहा छटांतून कळले नसते. चकाकणारे पट्टे आणि सांध्यांत वाढलेले शेवाळ एकाच रणगाड्यावर दिसले, तर एक खूण ‘आज चालला’ म्हणते आणि दुसरी ‘वर्षभर उभा आहे’ म्हणते. परस्परांना तोडीस तोड ठरणाऱ्या अशा हेतूंना ‘सत्प्रतिपक्ष’ असे नाव आहे. उरलेल्या दोन प्रकारांचीही उदाहरणे देता येतील, पण मुद्दा एवढ्याने स्पष्ट होतो. प्रतिकृतीवरचा डाग खोटा असतोच. तो चूक केव्हा ठरतो, हे व्याप्तीवर, म्हणजे कारण आणि खूण यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर, अवलंबून असते.

खोट्या खुणेवरून खरे काही कळते का, हा प्रश्न भारतीय विचारात नवा नाही. तो नाटकाच्या निमित्ताने काश्मीरमध्ये हजार-अकराशे वर्षांपूर्वी लढवला गेला. भरताच्या रससूत्रावर भाष्य करणारा नवव्या शतकातील शंकुक याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला असून त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून कळते. शंकुकाच्या मते प्रेक्षक नटाच्या ठिकाणी रामाच्या भावाचे अनुमान करतो, आणि ज्या खुणांवरून तो हे करतो त्या नटाच्या शिक्षणाने कमावलेल्या, कृत्रिम असूनही कृत्रिम न वाटणाऱ्या असतात. नटाला पाहून होणारे ज्ञान ‘हाच राम’ असे खरे नसते, ‘हा राम नव्हे’ असे बाधित झालेले नसते, ‘हा राम की नव्हे’ असा संशय नसतो आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्यही नसते. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे जे वाटते तसे ते असते. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. मांडणीतल्या रणगाड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची मनःस्थिती याहून नेमकी सांगता येणार नाही. हा रणगाडा आहे असे त्याला वाटत नाही, आपण फसलो असेही वाटत नाही. तरी त्याचे बोट आपसूक चाकाकडे वळते आणि तो म्हणतो, ‘हा चिखलातून आलाय.’

शंकुकाच्या या मतावर अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांचा जो आक्षेप नोंदवला आहे तो फार खट्याळ आहे. धुके धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान करील हे मान्य; पण हे धुके धुराची नक्कल आहे असे माहीत असताना, त्यावरून अग्नीची नक्कल करणारा जास्वंदीच्या फुलांचा ढीग पलीकडे असेल असे अनुमान कोणी करीत नाही. प्रतिकृतीला हा आक्षेप जसाच्या तसा लागू होतो. गंज रंगाचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, मग त्यावरून त्याने नकली लोखंडाचे अनुमान करावे काय? तसे तो करीत नाही. न्यायशास्त्रातच याची एक वाट आहे. एखादी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असताना ती मुद्दाम, इच्छेने धरून ठेवणाऱ्या ज्ञानाला ‘आहार्य’ म्हणतात. ‘डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता’ असा जो तर्क केला जातो त्यात अग्नीचा अभाव असाच आहार्य, मानून घेतलेला असतो. आणि योग असा की नाट्यशास्त्रात ‘आहार्य’ हेच नाव वेशभूषा व रंगसाहित्य यांतून होणाऱ्या अभिनयाला आहे, आणि त्याच प्रकरणात ‘पुस्त’ म्हणजे रंगभूमीसाठी बनवलेल्या डोंगर, रथ, शस्त्रे यांच्या प्रतिकृतींचा विचार येतो. भाग जोडून केलेल्या प्रतिकृतीला तेथे ‘संधिम’ म्हटले आहे. शस्त्रे खऱ्या लोखंडाची न करता बांबू, लाख, कापड अशा हलक्या द्रव्यांची करावीत, कारण जड शस्त्रांनी नट थकतो, असा व्यवहारी सल्लाही तेथे दिलेला आहे. प्लॅस्टिकचा रणगाडा हा या हिशेबाने संधिम पुस्त ठरतो, आणि त्यावरचा गंज आहार्य, दोन्ही अर्थांनी.

तरीही सगळेच मानून घेतलेले असेल तर मानण्या-मानण्यात भेद कसा करायचा, हे उरते. त्यासाठी शंकुकाने धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाचा एक दाखला वापरला आहे. दोन माणसे दुरून दोन प्रकाश पाहतात आणि दोघेही त्यांना मणी समजून धावतात. एक प्रकाश मण्याचा असतो, दुसरा दिव्याचा. प्रकाश म्हणजे मणी नव्हे, तेव्हा दोघांचे ज्ञान सारखेच चुकीचे, पण एकाच्या हाती मणी लागतो आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. गेल्या काही वर्षांत रणगाड्याच्या प्रत्येक पत्र्याला जणू स्वतंत्र सूर्य असावा अशा रीतीने वरची कड फिकट आणि खालची गडद रंगवण्याची जी शैली मान्यता पावली आहे, ती नजरेला सुखावते, स्पर्धेत बक्षिसेही मिळवते, पण तिच्यामागे जाऊन रणगाड्याविषयी काही हाती लागत नाही. तो दिव्याचा प्रकाश आहे. उलट, सेंच्युरियनच्या मागच्या बाजूस, जेथे पट्टा ओढणारे दातेरी चाक असते, तेथे चिखल अधिक दाट आणि ओलसर, पुढच्या मडगार्डवर तो वाळून फिकट झालेला, आणि बाजूच्या लांब पत्र्यांवर फक्त पावसाने ओढलेल्या धुळीच्या उभ्या रेघा, एवढेच जर कोणी नीट दाखवले, तर पाहणारा त्या रंगाच्या मागे जाता जाता यंत्राची रचना, जमिनीचा पोत आणि दिवसाची वेळ यांपर्यंत पोचतो.

येथे एका कृतीकडे जवळून पाहण्यासारखे आहे. चिपिंगची एक लोकप्रिय रीत अशी, की प्रतिकृतीला आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळल्यावर त्यावर केसांवर मारायच्या हेअरस्प्रेचा पातळ थर द्यायचा, आणि त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकचा लष्करी हिरवा फवारायचा. अर्ध्या तासाने त्या हिरव्यावर पाण्याचे बोट फिरवले की पाणी रंगाच्या सूक्ष्म छिद्रांतून खाली उतरते, हेअरस्प्रे मऊ पडतो, आणि आखूड केसांच्या कुंचल्याने हलकेच टोचताच हिरव्याचे लहान पोपडे सुटून खालचा गंज उघडा पडतो. पोपड्याचा आकार कारागिराच्या पूर्ण ताब्यात नसतो, आणि तो खरा वाटतो तो त्यामुळेच. निसर्गात पोलाद, मग रंग, मग ओरखडा, मग गंज असा क्रम असतो. येथे गंज रंगाहून वयाने मोठा आहे. कार्य हे कारणात आधीपासूनच असते, तिळात तेल असावे तसे, हा सांख्यांचा सत्कार्यवाद इतक्या शब्दशः अन्यत्र क्वचितच आचरला जात असेल. सुईसारख्या कुंचल्याने तयार रंगावर गंजाचे ठिपके बाहेरून ठेवणारा कारागीर मात्र नैयायिक. त्याच्या मते आधी नसलेले कार्य नव्याने उत्पन्न होते. दोघांचे रणगाडे शेजारी ठेवले तर बहुधा सांख्याचा अधिक पटतो.

महाराष्ट्राला लहान मापातली युद्धभूमी परकी नाही. दिवाळीत अंगणात दगड, माती आणि भिजवलेल्या पोत्याचे किल्ले होतात, त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजांवर उभे राहतात. तेथे प्रमाणाचा आग्रह नसतो. सिंहासनावरचे महाराज महादरवाजात मावणार नाहीत एवढे मोठे असले तरी कोणाला खटकत नाही, कारण मोठेपण हे तेथे माप नसून आदर असतो. मूर्तीच्या बाबतीत तर कालखुणेला थाराच नाही. शास्त्राने तालमानाचे, म्हणजे मूर्तीच्या अवयवांच्या मापांचे, नियम दिले, पण देव जुना झालेला दाखवावा असे कोठे सांगितले नाही, आणि भंगलेली मूर्ती पूजेतून काढून विसर्जित केली जाते. मग जी वस्तू मापाने इतकी काटेकोर आणि खुणांनी इतकी भंगलेली हवी असते, तिच्याविषयीचा भाव भक्तीचा की कुतूहलाचा, हे ठरवताना खरी अडचण येते ती तिच्या मूळ रणगाड्यातून वाहिलेल्या रक्तामुळे.

१६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगडच्या आघाडीवर बसंतर नदीपलीकडील लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात ठार झाले. त्यांचा जन्म पुण्याचा, वय २१ वर्षांचे. रणगाड्याला फटका बसल्यावर मागे येण्याचा हुकूम झाला असता त्यांनी तोफ अजून चालते असे कळवून तो सोडण्यास नकार दिला, आणि पुढच्या फटक्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव सायप्रसमधील एका बंदरावरून ‘फामागुस्ता’ असे होते. सेंच्युरियनची किटे बाजारात मिळतात आणि हा रणगाडा त्यांतून घडवणे अशक्य नाही. पण ज्याला तो घडवायचा आहे त्याच्यापुढे प्रश्न पडतो की कोणत्या क्षणीचा. सकाळचा, नदीकाठच्या मातीने माखलेला पण अभंग? की फटका बसल्यानंतरचा? १००० मिलिमीटरच्या मीटरला येथे सुमारे २९ मिलिमीटरांत बसवले जाते. त्या मापात तोफगोळ्याने पाडलेले भोक बारीक ड्रिलने पाडता येते, भोवतालचा रंग जळून करपल्याचे दाखवता येते, आणि हे सारे व्याप्तीला धरून, एकही हेत्वाभास न होता करता येते. तंत्राने येथे हात वर केलेले नसतात. थांबतो तो करणाऱ्याचा हात.

हा संकोच समजून घ्यायला रससूत्राचाच आणखी एक भाष्यकार भट्टनायक याची ‘साधारणीकरणा’ची कल्पना उपयोगी पडते. काव्यात आणि नाट्यात भाव हा ‘माझा’, ‘शत्रूचा’, ‘तिऱ्हाइताचा’ अशा संबंधांतून सुटतो, आणि म्हणून शोकही आस्वाद्य होतो, असे तो मानतो. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी जी विघ्ने सांगितली त्यांत भाव आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकाळाला चिकटून राहणे हे एक विघ्न आहे. आता प्रतिकृतीचा छंद तर विशिष्टतेवरच जगतो: कोणती रेजिमेंट, कोणता आकडा, कोणत्या महिन्यातला रंग. पाण्यात भिजवून चिकटवायच्या त्या पातळ चिन्हांनी, ज्यांना डिकल म्हणतात, रणगाडा एका दिवसाला आणि एका पक्षाला खिळला जातो. जर्मन टायगर रणगाड्याच्या प्रतिकृती इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या निर्धास्त मनाने होतात, याचे कारण अनेक करणाऱ्यांच्या लेखी तो रणगाडा कोणाचाच उरलेला नसतो. साधारणीकरण झाल्यासारखे दिसते, पण ते रसाने केलेले नसून विस्मरणाने केलेले असते. ज्या सैन्याच्या आघाडीमागोमाग पूर्व युरोपातील गावेच्या गावे संपवली गेली, त्या सैन्याच्या यंत्राच्या सायलेन्सरवरील गंजाच्या चार छटांवर चर्चा रंगते, आणि तीत काहीही असत्य नसते. डोंगरावर धूर पाहिला, अग्नीचे अनुमान नीट केले, आणि काय जळते आहे हे कोणी विचारलेच नाही, असा तो प्रकार आहे. अनुमान शुद्ध असून अपुरे राहू शकते, हे तर्काच्या पुस्तकात दोष म्हणून नोंदलेले नाही. कदाचित नोंदायला हवे होते.

या छंदाच्या बाजूने बोलायचे तर एक खूण अशी आहे जी या अपुरेपणाच्या पलीकडे नेते, आणि ती सर्वांत लहान खुणांपैकी आहे. टरेट म्हणजे रणगाड्याचा फिरता माथा. त्यावर आत उतरायचे झाकण असते, हॅच, आणि त्याच्या कडेवरून माणसे दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करतात. तेथील रंग गोळ्यांनी जात नाही, तळहातांनी आणि बुटांनी जातो. कसबी कारागीर या कडेवर गंज ठेवत नाही, कारण रोज घासली जाणारी कड गंजत नाही; तो मऊ शिसपेन्सिलीचे टोक तीवरून अलगद फिरवतो, आणि ग्रॅफाइटची करडी चकाकी तेथे उमटते. पंढरपूरच्या मूर्तीच्या पायांची झीज अभिषेकाने आणि भाविकांच्या स्पर्शाने होत आली, आणि तिला आवर घालण्यासाठी वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. ती झीज कोणी चितारली नाही, पण तिचे वाचन याच रीतीने होते. हॅचच्या कडेवरचे ते चमकणारे अर्धवर्तुळ रिकाम्या, प्लॅस्टिकच्या, आतून काहीही नसलेल्या खोक्यात चार माणसे बसवते. खोक्यावरच्या बाकी साऱ्या खुणा यंत्राविषयी बोलतात; हीच काय ती आतल्यांविषयी बोलते. आणि ती सर्वांत शेवटी करायची असते, कारण नंतर हात लागला तर ती पुसते.

खऱ्या फामागुस्ताची गोष्ट याच्या उलट आहे. लष्कराने तो दुरुस्त केला आणि अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला. त्याच शहरात रणगाड्यांचे संग्रहालयही आहे, जेथे पहिल्या महायुद्धकालीन रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून १९६५ आणि १९७१च्या युद्धांत मिळालेल्या पॅटनपर्यंतची वाहने उघड्यावर मांडलेली आहेत. उघड्यावर ठेवलेल्या लोखंडाला जपायचे तर ते वरचेवर रंगवावे लागते, आणि प्रत्येक नव्या हातासरशी ओरखडे, झिजलेल्या कडा, वाळलेला चिखल यांवर एकसारखा हिरवा चढतो. खंडेनवमीला शस्त्र धुऊनपुसूनच पूजेला मांडतात, तेव्हा या रंगकामात गैर काही नाही. परिणाम मात्र असा की ज्या पोलादावरून तो काळ खरोखर गेला त्यावर त्याचे लिंग उरत नाही, आणि ज्या प्लॅस्टिकवरून तो कधीच गेला नाही त्यावर ते लिंग काळजीपूर्वक रंगवलेले असते. शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय माणसाचे सांगणे, एकीकडे राहते. अनुमानाचा हेतू दुसरीकडे.

प्रतिकृतीवरूनही काळ जातच असतो, हे सहसा लक्षात येत नाही. डिकलच्या पारदर्शक कडा पिवळ्या पडतात, जुन्या किटांतील व्हिनाइलचे पट्टे जेथे चाकांना टेकतात तेथे प्लॅस्टिक हळूहळू मऊ होऊन खाल्ले जाते, आणि काचेच्या कपाटाचे दार कितीही घट्ट असले तरी दोन-चार महिन्यांत टरेटवर धूळ बसते. ही धूळ खरी असते. चितारलेल्या धुळीच्या शेजारी ती बसते तेव्हा ओळखू येते, कारण तिचा एकेक कण मापात बसत नाही. कापसाचा एखादा तंतू एकास पस्तीसच्या जगात तोफेच्या नळीवर पडलेल्या दोरखंडासारखा दिसतो. मग मालक कपाट उघडतो, रणगाडा खालून धरून उचलतो, हॅचच्या कडेला बोट लागणार नाही असे बघतो, आणि मऊ केसांच्या कुंचल्याने ती खरी धूळ खोट्या धुळीवरून झाडून टाकतो.